कालिम्नोसचे स्तंभ सुकून झाले नाहीत

सह्याद्रीत चढाई करणारा माझा एक मित्र कालिम्नोसहून परतला आणि फोटो दाखवत म्हणाला, "पाणी गळून गळून सुकलं, त्याचेच हे खांब." खांब झकास होते, पण त्यानं सांगितलेलं कारण तेवढं चुकलं होतं.

कालिम्नोस हे एजियन समुद्रातलं छोटं ग्रीक बेट. १९९०च्या दशकात आंद्रेआ दि बारी या इटालियन चढाईपटूनं तिथले कडे हेरले. आज तिथं हजारो मार्ग आहेत, खडकात बोल्ट ठोकून तयार. ग्रांदे ग्रोत्ता या भल्यामोठ्या गुहेचं छत पार डोक्यावरून पुढे आलंय आणि त्याला हत्तीच्या सोंडेसारखे चुनखडीचे स्तंभ लोंबतात. चढणारे त्यांना टुफा म्हणतात. टुफाला पाऊल लावायचं, गुडघा दुसऱ्या टुफाखाली घट्ट अडकवायचा आणि दोन्ही हात सोडून दम खायचा. आपल्या बेसॉल्टवर हे सुख नाही.

आता शाळेतली चुन्याची निवळी आठवा. नळीनं फुंकलं की ती दुधाळ होते, फुंकतच राहिलं की पुन्हा नितळ. दुधाळ दिसणारं कॅल्शियम कार्बोनेट जादा कार्बन डायऑक्साइड मिळाल्यावर बायकार्बोनेट होऊन विरघळतं. डोंगरात हे फुंकायचं काम माती करते. बाहेरच्या हवेत हा वायू जेमतेम ०.०४ टक्के, पण मुळं आणि जिवाणू श्वास घेतात त्या मातीत तो एक टक्क्यापर्यंत सहज जातो. तो घेऊन पावसाचं पाणी फटींत झिरपतं, चुनखडी विरघळवत गुहेच्या छताशी पोचतं. तिथली हवा मोकळी. मग सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तेच, पण अगदी सावकाश. वायू निसटतो, पाण्याची आम्लता उतरते, बायकार्बोनेटमधून कार्बोनेट आयन तयार होतात, ते कॅल्शियमला गाठतात आणि कॅल्साइटचा पापुद्रा बसतो. थेंब सुकायची गरजच नाही. म्हणून तर ओल्याचिंब गुहांतही लवणस्तंभ वाढतात. उघड्या कड्यावर उन्हावाऱ्याचा थोडा हातभार लागतो, एवढंच. वाढ मात्र वर्षाला मिलिमीटरचा काही अंश.

गुहेत जमिनीवरून असा स्तंभ वर आलेला दिसला की आपल्याकडे 'स्वयंभू' म्हणून नारळ फुटू लागतात. फोडायचाच तर तो वरच्या मातीतल्या जिवाणूंपुढे फोडावा.

द्रवातून वायू निसटण्याची दुसरी गोष्टही याच बेटाची. कालिम्नोसचा जुना धंदा समुद्रतळाचे स्पंज काढण्याचा. एकोणिसाव्या शतकात वरून हवा पुरवणारा पोशाख आला, पाणबुडे जास्त खोल आणि जास्त वेळ राहू लागले, आणि वर आल्यावर लुळे पडू लागले, मरू लागले. दाबाखाली रक्तात आणि मांसात विरघळलेला नायट्रोजन घाईनं वर येताना बुडबुडे होऊन बाहेर पडत होता. खडकात या क्रियेला हजारो वर्षं मिळतात, पाणबुड्याला मिनिटं. तिथं 'मिहानिकोस' नावाचा नाच आहे. त्यात म्होरक्या काठी टेकत, थरथरत्या पायांनी नाचतो.