जांघेतली गाठ आणि १८९७ चं पुणं
पायाला जखम झाली की जांघेत अवधाण, म्हणजे दुखरी गाठ, येतं, हे घरोघरी माहीत असतं. जखमेतून शिरलेले जंतू लसिकावाहिन्यांतून (शरीरातला पातळ द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून) जवळच्या लसिकाग्रंथीत अडवले जातात, म्हणून ती सुजते. प्लेगमध्ये हेच होतं, पण तिथे ही चौकी टिकत नाही. जंतू ग्रंथीतच वाढतात, दोन ते सहा दिवसांत सणकून ताप येतो आणि गाठ इतकी ठणकते की पाय हलवता येत नाही. प्लेगचे जंतू माणसापर्यंत आणणाऱ्या पिसवा बहुधा पायाला चावतात, त्यामुळे गाठही बहुधा जांघेतच. तिथून जंतू रक्तात किंवा फुप्फुसात उतरले की माणूस हाती लागणं कठीण.

पुण्याच्या इतिहासात या गाठीच्या जागेला फार महत्त्व आहे, असं मला वाटतं. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि काही महिन्यांतच तो पुण्यात आला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्याच्या प्लेग समितीचा प्रमुख म्हणून रँड आला आणि मार्चमध्ये गोऱ्या सोजिरांनी पेठांतली घरं तपासायला सुरुवात केली. रोगी ओळखायचा तर काख आणि जांघ बघायची. वैद्यकाच्या दृष्टीने त्यात चूक काही नव्हती. पण ती बघणार परके शिपाई, उघड्यावर, आणि बायकांचीही! त्यात देवघरात बूट घालून शिरणं, सामान बाहेर काढून जाळणं, धडधाकट माणसांनाही छावणीत नेणं. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, तिची पार्श्वभूमी ही.

त्याच मार्चमध्ये सावित्रीबाई फुले गेल्या. हडपसरजवळ मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात त्या रोग्यांची शुश्रूषा करत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून तिथे आणलं. मुलगा वाचला, १० मार्चला त्या प्लेगनेच वारल्या. गाठीचा प्लेग नुसत्या शिवण्याने सहसा लागत नाही. कपड्यांतल्या पिसवा किंवा फुप्फुसात उतरलेला प्लेग, यांपैकी काहीतरी कारण असावं.

पण पिसवेचं नाव तेव्हा कोण घेणार? प्लेगचा जंतू येर्सिन या शास्त्रज्ञाने १८९४ मध्येच हाँगकाँगला शोधला होता. हाफकिन या शास्त्रज्ञाने जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. जंतू माणसापर्यंत पोचतो कसा, एवढंच उमगलं नव्हतं. सगळा रोख घाणीवर, कोंदट हवेवर आणि माणसांवर. उंदीर पडायला लागले की घर सोडून माळावर झोपड्या घालून राहायचं, ही लोकांची रीत पिसवांपासून लांब नेणारी होती, म्हणजे रोगाच्या मुळाशी जास्त जवळची.

१८९८ मध्ये कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं, की उंदीर मेला की त्याच्यावरच्या पिसवा दुसरं रक्त शोधतात आणि चावताना जंतू सोडतात. बड्या डॉक्टरांनी ते बरीच वर्षं मनावर घेतलं नाही. १९०५ नंतर मुंबईत पद्धतशीर प्रयोग झाले, तेव्हा कुठे ते मान्य झालं. तोवर पुण्यात प्लेग पुन्हा पुन्हा येऊन गेला होता. १९०३ मध्ये टिळकांचा थोरला मुलगा विश्वनाथ त्यातच गेला. गाठीवर गुणकारी औषध म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन, ते यायला १९४० चं दशक उजाडलं. १८९७ चा कायदा मात्र तसाच राहिला; २०२० मध्ये करोना आला तेव्हा राज्याने त्याचाच आधार घेतला.