गाडी लीन, पण दोष कुणाचा?

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला, स्कॅनर लावला, पी०१७१ हा ‘लीन’चा, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी असल्याचा, कोड आला, की पुढचं वाक्य बहुतेक गॅरेजांत ठरलेलं असतं: ऑक्सिजन सेन्सर बदला. वीस-पंचवीस वर्षं जुन्या स्पोर्ट्स कारच्या मालकाला हे वाक्य महागात पडतं. सेन्सर बाहेरून मागवायचा, तो येईपर्यंत गाडी झाकून ठेवायची, आणि बसवल्यावर चार दिवसांत दिवा पुन्हा हजर. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता.

कोड वाचणं अवघड नाही. ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा विभाग, पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सारखाच लागू असलेला कोड, एक म्हणजे इंधन-हवेची मोजणी. ७१ म्हणजे पहिल्या बँकेचं (सिलिंडरांच्या पहिल्या रांगेचं) मिक्श्चर लीन, ७२ म्हणजे तीच बँक रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. ७४ आणि ७५ दुसऱ्या बँकेचे. अमेरिकेत १९९६ पासून नव्या गाड्यांना ही पद्धत, म्हणजे ओबीडी-२, सक्तीची झाली, आपल्याकडे ती आली २०१३ मध्ये. त्यामुळे त्या काळातली परदेशी गाडी स्कॅनरशी जितकं बोलते, तितकं तिच्याच वयाची आपली गाडी बोलत नाही.

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं त्याच्या १४.७ पट हवा लागते. हे प्रमाण जुळलं की नाही, ते इंजिनाला एक्झॉस्टमधल्या सेन्सरवरून कळतं. १९७६ मध्ये बॉशचा असा सेन्सर पहिल्यांदा व्होल्वोच्या गाड्यांत बसला. त्यातल्या झिर्कोनियाच्या एका बाजूला बाहेरची हवा असते, दुसऱ्या बाजूला एक्झॉस्ट. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जितकी तफावत, तितकं व्होल्टेज जास्त. रिच असताना ०.८-०.९ व्होल्ट, लीन असताना ०.१ च्या आसपास. लक्षात घ्यायची गोष्ट एवढीच, की हा सेन्सर पेट्रोल मोजतच नाही. त्याला कळतो तो फक्त उरलेला ऑक्सिजन. तो का उरला, हे त्याला माहीत नसतं आणि कोडलाही नसतं.

ऑक्सिजन जास्त दिसला की कॉम्प्युटर पेट्रोल फवारणारे इंजेक्टर थोडे जास्त वेळ उघडे ठेवतो. या दुरुस्तीला ट्रिम म्हणतात. शॉर्ट टर्म ट्रिम क्षणाक्षणाला हलतो, लाँग टर्म ट्रिम शिकलेली सवय जपून ठेवतो. पाच टक्क्यांपर्यंतची वर-खाली कुठल्याही गाडीत असते. बऱ्याच गाड्यांत ही भर वीस-पंचवीस टक्क्यांवर गेली आणि लागोपाठ दोन फेऱ्यांत तसंच दिसलं की दिवा लागतो. म्हणजे गाडी बिघडते खूप आधी. दिवा लागतो तो कॉम्प्युटरचा हात आणखी पुढे पोचेनासा झाला म्हणून.

म्हणून कोडपेक्षा ट्रिमचे आकडे मोलाचे, आणि तेही दोनदा बघायचे: गरम इंजिन आयडलला असताना (गाडी उभी, पाय ॲक्सिलरेटरवर नाही), आणि २५०० आरपीएमला धरून. हजार-दीड हजाराच्या ब्लूटूथ स्कॅनरवर हे दिसतं. अडीच लिटरचं इंजिन आयडलला सेकंदाला साधारण तीन ग्रॅम हवा घेतं. कुठल्यातरी तडकलेल्या पाइपातून, आत येणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरला चुकवून, ०.६ ग्रॅम हवा आत घुसली तर हिशेब वीस टक्क्यांनी चुकला. तेच इंजिन समृद्धी महामार्गावर जोरात पळताना ३० ग्रॅम घेत असेल, तर तेवढीच चोरटी हवा फक्त दोन टक्के. शिवाय पाय दाबल्यावर मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला) व्हॅक्यूमही कमी होतो, म्हणजे गळती आणखी घटते. तांब्याभर पाणी घरच्या पातेल्यातल्या वरणात पडलं तर वरण बिघडतं, पंगतीच्या कढईत पडलं तर कुणाला कळतही नाही. तसलाच हा प्रकार. आयडलला २०, आरपीएम वाढवल्यावर ४ असा ट्रिम दिसला, की लातूरकडचा मिस्त्री सांगतो तेच खरं: ‘मालक, गाडी कुठूनतरी हवा घ्यायलालीय.’

उलट आयडलला ठीक आणि लोड आल्यावर ट्रिम चढत गेला, तर हवा शोधत बसू नये. पेट्रोल पंप थकलाय, फिल्टर तुंबलाय, किंवा एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर धूळ बसून तो हवा कमी सांगतोय. उन्हाळ्यातली आपल्याकडची धूळ आणि तेल लावलेला ‘स्पोर्ट्स’ एअर फिल्टर ही जोडी या तारेला विशेष जाचक. शौकीन लोकांना हे पटत नाही.

सहा सिलिंडरची बॉक्सर किंवा व्ही पद्धतीची गाडी असेल तर दोन बँका असतात, आणि ते फार सोयीचं असतं. पहिल्या पिढीच्या पोर्शे बॉक्सस्टरमध्ये एक ते तीन सिलिंडर एका बाजूला, चार ते सहा दुसऱ्या. दोन्ही बँका लीन असतील तर कारण सामायिक: पंप, एअरफ्लो सेन्सर, थ्रॉटलकडे जाणारा रबरी बूट, किंवा या गाडीच्या बाबतीत ऑइल सेपरेटरचा (इंजिनातल्या वाफेतून तेल वेगळं करणाऱ्या भागाचा) फाटलेला पडदा. एकच बँक लीन असेल तर त्याच बाजूचं गॅसकेट, इंजेक्टर किंवा सेन्सर.

गळती शोधायला गरम इंजिनवर कार्बोरेटर क्लीनर फवारण्याची पद्धत अजून चालते. आग लागते त्यानं, करू नका. इंजिन बंद ठेवून इनटेकमध्ये धूर सोडला की भोक आपोआप दिसतं. महिनोन्महिने झाकून ठेवलेल्या गाडीत उन्हानं कडक झालेलं रबर सापडतं, नाहीतर उंदरानं कुरतडलेला पाइप.

फसवे लीनही असतात. एक सिलिंडर मिसिंग करत असेल, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नसेल, तर त्यातली न जळलेली हवा थेट सेन्सरपर्यंत जाते; पेट्रोल भरपूर असूनही तो लीनच सांगतो, आणि कॉम्प्युटर आणखी पेट्रोल ओततो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला चीर असेल तरी तेच.

रिचचा मामला त्या मानानं थोडक्यात आटोपतो. गळका इंजेक्टर, फाटलेला प्रेशर रेग्युलेटर (त्याच्या व्हॅक्यूम पाइपात पेट्रोलचा वास येतो), उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा), किंवा इंजिन गार आहे असं खोटं सांगणारा कूलंट सेन्सर. तुंबलेला एअर फिल्टर मात्र इथे सहसा गुन्हेगार नसतो. तो कार्बोरेटरच्या काळातला आरोप. हवा मोजूनच पेट्रोल देणाऱ्या गाडीत फिल्टर तुंबला तर ताकद घटते, प्रमाण नाही.

आता पंपावरचं पेट्रोलही बदललंय. लातूर, धाराशिव, बीडच्या उसातून निघणारं इथेनॉल त्यात मिसळलेलं असतं. इथेनॉलला वजनाच्या नऊ पटच हवा पुरते, म्हणून २० टक्के मिश्रणाचं, म्हणजे ई-२० चं, प्रमाण १३.५ च्या आसपास येतं. शुद्ध पेट्रोलवर बेतलेल्या जुन्या गाडीला इंजेक्टरमधून सात-आठ टक्के जास्त इंधन द्यावं लागतं, आणि ते थेट लाँग टर्म ट्रिममध्ये दिसतं. गाडी पूर्ण निरोगी असली तरी! पूर्वी ट्रिममध्ये १४ दाखवत गपचूप चालणारी छोटी गळती ई-२० वर २२ होते आणि दिवा लावते. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही, हे वेगळंच.

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम लिहून घ्यावी: दिवा लागताना वेग, आरपीएम, तापमान किती होतं ते त्यात असतं. पुसल्यावर ते जातं, शिकलेला ट्रिमही जातो. दुरुस्तीनंतर दोन-तीन दिवस गाडी नेहमीसारखी चालवून दोन्ही आकडे पुन्हा बघावेत. आयडल आणि २५०० आरपीएम दोन्हीकडे ७-८ दिसले, तर ते इथेनॉलचे, तिथेच थांबावं. आयडलचा एकटा आकडा १५ कडे सरकत असेल, तर अजून एक भोक बाकी आहे.