कोर्टाची पायरी, कॉलेजचं दार

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात लॅटिनो, म्हणजे मेक्सिको आणि लॅटिन अमेरिकेतून आलेल्या घरांतल्या, पोरांना शाळेचं दार त्या पायरीवरूनच गाठावं लागलं. वेस्टमिन्स्टर गावात एक आत्या आपल्या मुलांबरोबर भाच्यांचंही नाव घालायला शाळेत गेली. तिची मुलं गोरी, आडनाव फ्रेंच वळणाचं. त्यांना घेतो म्हणाले. भाचरं सावळी, आडनाव मेंडेझ. त्यांनी मेक्सिकन पोरांसाठीच्या वेगळ्या शाळेत जावं. बापाने १९४५ मध्ये दावा लावला, १९४६ मध्ये जिंकला, आणि १९४७ मध्ये वरच्या कोर्टानेही तोच निकाल कायम ठेवला.

आत शिरल्यावर मात्र कॉलेजपर्यंत नेणारे विषय क्वचितच वाट्याला यायचे; हाताला एखादं काम शिकवून वाटेला लावायचं, अशी रीत. म्हणून मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधले हजारो विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले. शिक्षक साल कॅस्ट्रो यांच्यासह १३ जणांवर खटला भरला गेला. गंमत अशी की शाळेत व्यत्यय आणणं हा किरकोळ गुन्हा, पण त्याचा ‘कट’ रचणं गंभीर! १९७० मध्ये ते आरोप टिकले नाहीत.

पुढे या पोरांच्या वस्त्यांवर गुन्हेगारी टोळ्यांविरोधी कायद्यांची नजर पडली. १९८८ चा कायदा, मग १९९७ पासून ‘कॅलगँग’ ही टोळीत असल्याचा संशय असलेल्यांची पोलिसांची यादी. २०१६ च्या सरकारी तपासणीत त्यात ४२ जण नोंदीच्या वेळी एक वर्षाच्याही आतले निघाले, आणि त्यांतल्या २८ जणांनी म्हणे आपण टोळीत असल्याचं स्वतःच कबूल केलं होतं. पाळण्यातून!

तुरुंगातून कॉलेजकडे येणारी वाट पाडली ती तिथून आलेल्यांनीच. सोलेदाद तुरुंगात पाच वर्षं काढलेले जॉन अर्विन पुढे समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९६७ मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठात, तुरुंगातून सुटलेल्यांना कॉलेजात आणणारं ‘प्रोजेक्ट रिबाउंड’ सुरू केलं. १९९४ मध्ये केंद्राने कैद्यांची पेल शिष्यवृत्ती (गरजू विद्यार्थ्यांना कॉलेजसाठी मिळणारी सरकारी मदत) बंद केली आणि तुरुंगातले बहुतेक कॉलेजवर्ग आटले. तरी २०१३ मध्ये बर्कली विद्यापीठात, एकांतकोठडीत वर्षं घालवलेल्या विद्यार्थ्यांनी ‘अंडरग्राउंड स्कॉलर्स’ उभं केलं. नव्याने येणाऱ्याला फॉर्म भरण्यापासून सोबत करायची, हे त्यांचं काम.

त्या फॉर्मवर पूर्वी एक चौकट असे: तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का? कित्येकांचा पेन तिथेच थांबायचा. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये कायदा करून बहुतेक अभ्यासक्रमांच्या प्रवेशअर्जांवर हा प्रश्न विचारायला बंदी घातली. पेल शिष्यवृत्ती कैद्यांना पुन्हा खुली झाली ती १ जुलै २०२३ पासून.