बालकल्याण सेवा, शालेय शिक्षण आणि बालगुन्हेगारी

घरात मारहाण, लैंगिक अत्याचार, व्यसनाधीनता किंवा टोकाची हेळसांड सोसणाऱ्या मुलांच्या संरक्षणासाठी शासन आणि शासनमान्य संस्था जी व्यवस्था चालवतात तिला बालकल्याण सेवा म्हणतात. आलेल्या तक्रारीची चौकशी करणे, कुटुंबाला घरातच मदत पुरवणे आणि तेवढ्याने भागत नसेल तर मुलाला नातेवाइकांकडे, प्रतिपालक कुटुंबात (मुलाला आपल्या घरी ठेवून सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात) किंवा बालगृहात ठेवणे ही तिची मुख्य कामे होत. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत कुटुंबाबाहेर राहणाऱ्या मुलाचे संरक्षण, शिक्षणाचा हक्क आणि गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाला मिळावयाची वागणूक यांसाठी अनुक्रमे २०, २८ आणि ४० ही वेगवेगळी कलमे आहेत. प्रत्यक्षात मात्र अनेकदा एकाच मुलाला या तिन्ही कलमांची गरज पडते.

शासकीय देखरेखीखाली वाढलेली मुले अभ्यासात मागे पडतात आणि पोलिसांच्या नोंदींत अधिक प्रमाणात आढळतात, हे बऱ्याच देशांत दिसून आले आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये लॉर्ड लेमिंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१६ मध्ये असे दाखवले, की एकूण मुलांपैकी एक टक्क्याहूनही कमी मुले देखरेखीखाली असताना कोठडीतील मुलांपैकी जवळपास निम्म्या मुलांनी कधी ना कधी अशी देखरेख अनुभवलेली असते. मात्र याचा दोष सरसकट सेवेवर टाकणे चुकीचे ठरेल, कारण ही मुले सेवेकडे येतात तीच मुळात मार आणि उपेक्षा सोसून. अमेरिकेतील संशोधक कॅथी स्पॅट्झ विडम यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात न्यायालयीन नोंदींतून निवडलेल्या ९०८ अत्याचारग्रस्त आणि उपेक्षित मुलांची तुलना तशाच वयाच्या व परिस्थितीतील इतर मुलांशी केली. बालवयातील गुन्ह्याची नोंद पहिल्या गटात सुमारे २६ टक्के, तर दुसऱ्या गटात सुमारे १७ टक्के मुलांच्या नावावर होती. हा फरक गंभीर आहे. पण पहिल्या गटातील दर चार मुलांपैकी जवळजवळ तिघांच्या नावावर अशी कोणतीही नोंद नव्हती, हेही तितक्याच ठळकपणे सांगायला हवे. अत्याचार सोसलेल्या मुलाकडे भावी गुन्हेगार म्हणून पाहण्याला या आकड्यांचा आधार नाही.

मग खुद्द सेवेचा परिणाम किती, हे ओळखायचे कसे? अर्थतज्ज्ञ जोसेफ डॉयल यांनी इलिनॉय राज्यातील प्रकरणांचा अभ्यास करताना यासाठी एक मार्ग वापरला. तेथे नवी प्रकरणे चौकशी अधिकाऱ्यांकडे बव्हंशी पाळीने जात. काही अधिकारी मुलाला घराबाहेर काढण्याकडे झुकणारे, तर काही त्याला घरीच ठेवण्याकडे. त्यामुळे ज्या प्रकरणांत निर्णय कोणत्याही बाजूने होऊ शकला असता, तेथे मूल घरी राहिले की घराबाहेर गेले हे काही अंशी अधिकारी कोण मिळाला यावर ठरले. अशा सीमारेषेवरील मुलांपैकी, विशेषतः मोठ्या वयाची मुले घरीच राहिली तेव्हा त्यांच्यात गुन्हेगारीचे प्रमाण कमी आढळले, असा त्यांचा २००७ चा निष्कर्ष होता. याच पद्धतीने मिशिगन राज्यात झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चित्र उलटे दिसले: घराबाहेर ठेवलेल्या मुलांची शाळेतील उपस्थिती आणि गणितातील गुण सुधारले. तेथे बहुतेक मुले काही काळाने आपापल्या कुटुंबात परतली होती आणि लाभही मुख्यतः परतल्यानंतर दिसून आला. ऱ्होड आयलंडमधील पाहणीत लहान वयात घराबाहेर ठेवलेल्या मुलींची शालेय प्रगती सुधारली, मुलग्यांच्या बाबतीत तसे आढळले नाही. मुलाला घराबाहेर काढणे चांगले की वाईट, या प्रश्नाला सर्वत्र लागू पडेल असे एक उत्तर त्यामुळे देता येत नाही. मुलाचे वय, बाहेर राहण्याचा काळ आणि त्या काळात आईवडिलांना मिळालेली मदत यांवर ते अवलंबून असते. शिवाय हे सर्व निष्कर्ष सीमारेषेवरील प्रकरणांपुरतेच आहेत. जिवाला उघड धोका असलेल्या मुलाला ते लागू होत नाहीत.

शिक्षणाचे मोठे नुकसान वारंवार होणाऱ्या स्थलांतराने होते. प्रतिपालक कुटुंब बदलले की बहुधा शाळाही बदलते. जुन्या शाळेतून कागदपत्रे येईपर्यंत प्रवेश अडतो. नव्या वर्गात अपूर्णांक शिकवून झालेले असतात आणि जुन्या शाळेत ते सुरूच झालेले नसतात, त्यामुळे तो भाग या मुलाच्या हातून कायमचा निसटतो. आपल्याला काय येते आणि काय अवघड जाते हे ठाऊक असलेला शिक्षकही त्याने गमावलेला असतो. इंग्लंडमधील २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात शालान्त परीक्षेच्या आधीच्या दोन वर्षांत शाळा बदललेल्या मुलांचे गुण लक्षणीय कमी आढळले. दीर्घकाळ देखरेखीत राहिलेल्या मुलांची प्रगती मात्र, सेवेच्या नोंदीत असूनही घरीच राहिलेल्या मुलांपेक्षा चांगली होती. या प्रश्नावर कायद्यानेही उपाय शोधले आहेत. अमेरिकेत २००८ आणि २०१५ च्या कायद्यांनी, मुलाच्या हिताविरुद्ध नसेल तर त्याला मूळ शाळेतच ठेवण्याचा आणि शाळा बदलावीच लागली तर कागदपत्रांसाठी न थांबता प्रवेश देण्याचा नियम केला. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाला अशा मुलांच्या शिक्षणासाठी जबाबदार अधिकारी नेमावा लागतो. मूल कोणत्याही शाळेत गेले तरी त्याच्या प्रगतीचा पाठपुरावा करणारी एक व्यक्ती त्यामुळे कायम राहते.

गुन्हेगारीच्या नोंदींचा काही भाग निवासाच्या पद्धतीतूनच निर्माण होतो. रागाच्या भरात मुलाने कपाटाचे दार लाथ मारून तोडले, तर सामान्य घरात त्याला रागे भरतात आणि दार दुरुस्त करून घेतात. बालगृहात त्याच प्रसंगी कर्मचारी पोलिसांना बोलावतात आणि मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा मुलाच्या नावावर चढतो. हा अन्याय आहे आणि तो टाळता येण्याजोगा आहे. अशा प्रसंगी पोलिसांना बोलावणे हा शेवटचा उपाय असावा, यासाठी इंग्लंडमध्ये २०१८ मध्ये राष्ट्रीय पातळीवर मार्गदर्शक सूचना काढण्यात आल्या. लॉस एंजेलिस परगण्यातील २००८ च्या अभ्यासात सामूहिक निवासात राहिलेल्या किशोरांना अटक होण्याची जोखीम प्रतिपालक कुटुंबातील तशाच मुलांच्या सुमारे अडीच पट दिसली. यामागे पोलिसांना बोलावण्याच्या सवयीबरोबर समवयस्कांच्या संगतीचाही वाटा असू शकतो. शाळेतून काढून टाकण्याच्या शिक्षेने ही जोखीम आणखी वाढते, कारण ज्या वेळेत मूल वर्गात असायचे ती त्याला देखरेखीविना काढावी लागते.

अठरावे वर्ष पूर्ण होताच सेवा थांबवण्याची प्रथा अनेक ठिकाणी होती आणि काही ठिकाणी अजूनही आहे. ज्या वयात इतर तरुण आईवडिलांच्या आधारावर शिकत असतात, त्याच वयात या तरुणांना निवारा आणि उत्पन्न या दोन्हींची सोय स्वतः करावी लागते. अमेरिकेत इलिनॉयमध्ये एकविसाव्या वर्षापर्यंत सेवेत राहता येत असे, तर आयोवा आणि विस्कॉन्सिन या शेजारच्या राज्यांत ती साधारणतः अठराव्या वर्षी संपत असे. २००२ पासून या तिन्ही राज्यांतील तरुणांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासात इलिनॉयमधील तरुणांनी महाविद्यालयाचे किमान एक वर्ष पूर्ण केल्याचे प्रमाण अधिक आढळले. त्यानंतर २००८ च्या संघीय कायद्याने इतर राज्यांनाही एकविसाव्या वर्षापर्यंत सेवा चालू ठेवण्यासाठी केंद्रीय निधी उपलब्ध करून दिला.