झाडावरून तेलविहिरीकडे: संगीताच्या तबकडीचा कच्चा माल

ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांमध्ये लाख असे. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर जगणाऱ्या किड्यांच्या स्रावापासून मिळणारी ही राळ दगडाची पूड आणि काजळी एकत्र बांधून ठेवी. १९४८ मध्ये लाँग प्लेइंग तबकडी (एलपी) आली, पीव्हीसी या प्लॅस्टिकने लाखेची जागा घेतली आणि संगीताचा कच्चा माल झाडावरून उतरून तेलविहिरीत व मिठागरात गेला. मिठागरात अशासाठी, की पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतो आणि तो मिठाच्या द्रावणातून वीज सोडून मिळवतात. मधल्या टप्प्यावर तयार होणारा व्हिनाइल क्लोराइड हा वायू कर्करोगकारक आहे; त्याची झळ तबकडी ऐकणाऱ्याला नव्हे, तर रसायन कारखान्यातील कामगाराला बसू शकते.

तबकडी छापताना तापवून मऊ केलेला पीव्हीसीचा गोळा, वर-खाली लेबले ठेवून, निकेलच्या दोन साच्यांमध्ये दाबला जातो. साचे आधी वाफेने तापवायचे आणि लगेच पाण्याने थंड करायचे, हे चक्र प्रत्येक तबकडीसाठी नव्याने चालते. छपाईतील बरेचसे इंधन खर्च होते ते इथेच. काठाबाहेर आलेली झालर कापून, दळून पुन्हा वापरता येते. फसलेल्या तबकडीचा मात्र लेबल असलेला मधला भाग आधी काढून टाकावा लागतो, कारण कागदाचा एखादा कण जरी खाचेत आला, तरी सुईखाली खरखर ऐकू येते.

१९८२ मध्ये आलेली सीडी जेमतेम १५ ग्रॅमची, म्हणजे साधारण १४० ग्रॅमच्या एलपीच्या मानाने अगदीच हलकी. पण पॉलिकार्बोनेट हे प्लॅस्टिक, त्यावर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास जाडीचा ॲल्युमिनियमचा थर, वर लाखेसारखा लेप आणि शाई हे सारे इतके घट्ट चिकटलेले असते, की वेगळे करणे जिकिरीचे होते. शिवाय तिची पॉलिस्टायरीनची नेहमीची कडक डबी सीडीपेक्षा कितीतरी जड असते. कॅसेटची तऱ्हा याहून अवघड: कवच एका प्लॅस्टिकचे, फीत पॉलिएस्टरची, तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा लेप, आत धातूची पट्टी आणि नमद्याचा तुकडा.

हल्ली १८० ग्रॅमच्या जाड एलपी दर्जेदार म्हणून विकल्या जातात. खाच मात्र पृष्ठभागावरच असते आणि जाडीबरोबर ती खोल होत नाही. वाढलेले ४० ग्रॅम म्हणजे बव्हंशी जास्तीचे पीव्हीसीच.