दुहेरी पदवी नेमकी कशाला म्हणायचं? परदेशातल्या सत्राची पार्श्वभूमी

परदेशी निघालेल्या भारतीय विद्यार्थ्याच्या हातातली पासपोर्टची पुस्तिका नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात तयार झालेली असते. नाशिकच्या मुलांसाठी मात्र परदेशी शिक्षण म्हणजे इथली पदवी घेऊन एम.एस.ला जाणं. पदवी चालू असतानाच एखादं सत्र बाहेर काढायचं, तिथले गुण इथल्या गुणपत्रिकेत धरायचे आणि पदवी इथलीच घ्यायची, ही सोय अलीकडची. तिच्यासाठी मराठीत रुळलेला शब्दही नाही.

परंपरा आहे ती शिकून झाल्यावर निघण्याची. १९०६ साली भगूरचा तरुण बॅरिस्टरीसाठी लंडनला गेला, १९१३ साली बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर दुसरा एक जण न्यूयॉर्कला गेला. नावं सांगायची गरज नाही. दोघांचंही बी.ए. आधीच झालेलं होतं. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्य सरकारची जी परदेशी शिष्यवृत्ती आहे, तीही पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठीच मिळते. परदेशाशीच जोडलेल्या विषयाचंही तेच, तोही पदवीनंतरचाच राहिला. आंतरराष्ट्रीय संबंधांचं पहिलं अध्यासन पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, वेल्समध्ये सुरू झालं; दिल्लीत त्यासाठी वेगळी संस्था निघाली १९५५ मध्ये, तीही संशोधनासाठी. बी.ए.च्या मुलाच्या वाट्याला राज्यशास्त्रातला एखादा पेपर आला.

जाऊन परत येण्याची कल्पना अमेरिकेतली. १९२३ च्या उन्हाळ्यात डेलावेअरमधल्या एका विद्यापीठाचे आठ विद्यार्थी बोटीने फ्रान्सला गेले, वर्षभर शिकले आणि ते वर्ष पदवीत धरलं गेलं. युरोपने १९८७ मध्ये अकरा देशांत हेच मोठ्या प्रमाणावर सुरू केलं. पहिल्या वर्षी ३,२४४ विद्यार्थी गेले. तिथली एक साधी गोष्ट इथे हवी होती: मूळ संस्था, यजमान संस्था आणि विद्यार्थी, तिघांच्या सह्यांचा करार. कुठला विषय कशाच्या बदल्यात धरायचा, हे विमानात बसण्याआधीच ठरतं.

आपल्याकडे खरी हालचाल झाली ती २०२२ मध्ये, आणि गोंधळही त्याच वर्षीचा. एप्रिलमध्ये केंद्रीय नियामकाने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली. बी.कॉम.बरोबर दूरशिक्षणातून बी.ए., असा तो प्रकार. लगेच मे महिन्यात परदेशी विद्यापीठांशी सहकार्याचे नियम आले आणि त्यात ट्विनिंग, जॉइंट डिग्री आणि ड्युअल डिग्री असे तीन प्रकार होते. मराठीत दोन्हीकडे ‘दुहेरी पदवी’ असाच शब्द पडला. नियमातली ड्युअल डिग्री म्हणजे एकाच विषयाच्या, एकाच पातळीच्या अभ्यासाला दोन्ही विद्यापीठांनी आपापली पदवी देणं. दोन वेगळे विषय एकदम करणं म्हणजे ही पदवी नव्हे, असं नियमातच लिहावं लागलं. कॉलेज रोडवरच्या फ्लेक्सला एवढ्या बारकाव्याचं सोयरसुतक नसतं. ‘दोन डिग्र्या, एक फी’ एवढं पुरतं.

ट्विनिंगमध्ये पदवी भारतीय संस्थेची, परदेशातले श्रेयांक (क्रेडिट) जास्तीत जास्त ३० टक्के. जॉइंटमध्ये प्रमाणपत्र एकच, दोघांचं मिळून, आणि प्रत्येकाचा वाटा किमान ३० टक्के. ड्युअलमध्ये भारतीय संस्थेचा वाटा किमान ३० टक्के. हा तीस टक्क्यांचा आकडा कागदावर किरकोळ वाटतो, पण आकडेमोड करून बघा. तीन वर्षांची पदवी १२० श्रेयांकांची धरली, तर तीस टक्के म्हणजे ३६. वर्षाला ४० लागतात. म्हणजे ट्विनिंगमध्ये पूर्ण वर्ष बाहेर काढायचं तर चार श्रेयांक जास्त होतात. चार वर्षांच्या, १६० श्रेयांकांच्या पदवीत मात्र मर्यादा ४८ वर जाते आणि वर्ष आरामात बसतं. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत चार वर्षांची रचना आली २०२४-२५ पासून. त्याआधीच्या तुकड्यांना एका सत्रावरच समाधान मानावं लागलं असतं.

तेही मिळवायचं तर मोजमाप आडवं येतं. युरोपात वर्षाचे श्रेयांक ६०, आपले ४०. तिकडच्या एका सत्राचे ३० इथे २० धरायला हवेत. कागदपत्रं तयार नसतील तर एस.वाय.ची मुलगी तिकडे उत्तम गुणांनी पास होऊन येते आणि इथे तिच्या निकालावर दोन विषयांत एटीकेटी दिसते. द्राक्ष निर्यात करणाऱ्या घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. इथे गोड लागलेला माल तिथल्या तपासणीत अडकतो, तसंच हे, फक्त उलट्या दिशेने.

माझ्या मते नाशिकची खरी अडचण पात्रतेच्या अटीत आहे. परदेशी विद्यापीठाशी सहकार्यासाठी ‘नॅक’च्या मूल्यांकनात चारपैकी किमान ३.०१ गुण, नाहीतर राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभर विद्यापीठांत स्थान, असले निकष आहेत. मूल्यांकनाचे गुण आमच्याकडच्या एखाद्या जुन्या महाविद्यालयाकडे असतीलही. पण संलग्न महाविद्यालय स्वतःची पदवी देत नाही. शेवटी तिकडचा विषय इथल्या विषयाच्या तोडीचा आहे हे ठरवणारा समकक्षतेचा कागद पुण्याच्या विद्यापीठाकडे जातो, पदवी तेच देतं, आणि तिथल्या अभ्यासमंडळाची बैठक केव्हा होईल, हे परदेशातल्या सत्राच्या वेळापत्रकावर अवलंबून नसतं.

२०२३ मध्ये परदेशी विद्यापीठांना भारतात शाखा काढायचे नियम झाले आणि जून २०२५ मध्ये नवी मुंबईसाठी पाच विद्यापीठांना इरादापत्रं दिली गेली. त्यानंतर चर्चेचा रोख बदलला. आता पालक विचारतात, परदेशी पदवी घ्यायला कसारा घाट उतरला की पुरेल का?