वाढीचे इंजेक्शन आणि वाढीचा तक्ता

शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेत वर्षानुवर्षे सर्वांत पुढे उभ्या राहणाऱ्या मुलाला घेऊन पुण्यातील पालक तज्ज्ञांकडे जातात, तेव्हा ग्रोथ हार्मोनचे, म्हणजे वाढीच्या संप्रेरकाचे, इंजेक्शन औषधाच्या दुकानात मिळते हे त्यांनी गृहीतच धरलेले असते. १९८५ पूर्वी मात्र हे संप्रेरक मृत माणसांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीतून काढावे लागे.

गाय आणि डुक्कर यांचे इन्सुलिन माणसाला चालते. वाढीचे संप्रेरक चालत नाही. १९५८ मध्ये अमेरिकेतील मॉरिस रॅबेन यांनी मानवी ग्रंथींतील संप्रेरकाने एका १७ वर्षांच्या मुलाची उंची वाढल्याचे नोंदवले आणि त्यानंतर शवविच्छेदनगृहांतून ग्रंथी गोळा करण्याची व्यवस्था अनेक देशांत उभी राहिली. साठा इतका तुटपुंजा होता की, ज्यांच्या शरीरात हे संप्रेरक जवळजवळ तयारच होत नाही अशा मुलांनाच ते दिले जाई. १९८५ मध्ये हे उपचार घेतलेल्या काही तरुणांचा क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या असाध्य रोगाने मृत्यू झाल्याचे उघड झाले आणि अमेरिकेने वितरण थांबवले. शरीरात वर्षानुवर्षे दडून राहणाऱ्या या रोगाने पुढे जगभरात २०० हून अधिक जणांना गाठले. १९८५ च्याच ऑक्टोबरमध्ये जेनेनटेक कंपनीने जिवाणूंकडून तयार करून घेतलेल्या संप्रेरकाला अमेरिकेत मान्यता मिळाली.

तुटवडा संपला आणि प्रश्नच बदलला. अमेरिकेत १९९६ मध्ये टर्नर सिंड्रोम (एक एक्स गुणसूत्र नसणे किंवा अपुरे असणे) असलेल्या मुली, २००१ मध्ये जन्मतःच लहान राहून पुढेही उंची न भरून काढलेली मुले आणि २००३ मध्ये, माझ्या मते सर्वांत वादग्रस्त ठरावा असा, कारण न सापडणारा ठेंगणेपणा या उपचाराच्या कक्षेत आला. आता ठेंगणे कोणाला म्हणायचे, हेच निर्णायक झाले.

येथे पुण्याचा संबंध येतो. वयानुसार उंची-वजन किती असावे हे दाखवणारे, भारतीय बालरोग अकादमीचे जुने तक्ते १९९० च्या सुमारास जमवलेल्या मापांवर आधारलेले होते. जहांगीर रुग्णालयातील डॉ. वामन व डॉ. अनुराधा खाडिलकर यांच्या पुढाकाराने ५ ते १८ वर्षांच्या ३३,००० हून अधिक मुलांच्या मापांवरून बेतलेले नवे तक्ते अकादमीने २०१५ मध्ये स्वीकारले. उंचीच्या मानाने फार वजनदार मुलांची मापे त्यातून मुद्दाम वगळली होती, नाहीतर लठ्ठपणाच सामान्य ठरला असता.

तरीही तक्त्यावर तिसऱ्या शतमान रेषेखाली (त्याच वयाच्या शंभरांपैकी साधारण तीनच मुले जिच्या खाली असतात) पडलेला एक ठिपका इंजेक्शनला पुरेसा नसतो. वर्षभरात किती सेंटिमीटर वाढ झाली ते पाहावे लागते, थायरॉइडचे व गव्हाच्या असह्यतेचे आजार नाहीत याची खात्री करावी लागते आणि डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचे वय ठरवावे लागते. दहावीची परीक्षा होऊन जाऊ दे म्हणून थांबलेल्या पालकांना कधी कधी याच एक्स-रेवर वाढपट्ट्या, म्हणजे हाडांच्या टोकांशी असलेले वाढीचे थर, मिटलेल्या दिसतात, आणि त्या मिटल्यावर या इंजेक्शनने उंची वाढत नाही.